ठोकळ्याची शिकवणी

२ सप्टेंबर

सामान लागलं. लागलं म्हणजे काय, दोन बॅगा रिकाम्या झाल्या आणि तिसरी तशीच पलंगाखाली ढकलली. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली बूट दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम चामड्याचा आणि गोंदाचा वास असतो. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला. स्वयंपाकाची जागा एवढीशी, की ओट्यापाशी उभं राहून हात लांब केला की खिडकी उघडते. एकटीला पुष्कळ झाली.

मालकांनी इथे चष्म्याच्या दुकानाची नवी शाखा काढली आणि डोळे तपासायला मला पाठवलं. लेकीची, खारूची शाळा अर्ध्यात मोडायला नको, म्हणून ती आणि नवरा तिकडेच राहिलेत. वर्ष संपलं की येतील. निघताना खारू रडली नाही. तिने फक्त अट घातली: रोज संध्याकाळी फोनवर गोष्ट वाचून दाखवायची, आणि पानं गाळायची नाहीत, कारण तिला कळतं. अकरा वर्षांची घोडी झाली, पण आईच्या तोंडून गोष्ट लागतेच.

आजची खरी बातमी वेगळी आहे. कोपऱ्यावर वाचनालय आहे. घरात गॅसची शेगडी यायच्या आत मी तिथली सभासद झाले. उंच खिडक्या, लाकडी शिडी, आणि कुणी पान उलटलं तरी ऐकू येईल इतकी शांतता. ग्रंथपाल उंच, जरा वाकलेले, गळ्याभोवती मफलर. मी एवढं बोलले, ते अवाक्षर बोलले नाहीत. सगळं हाताच्या खुणांनी. ‘शांतता राखा’ ही पाटी स्वतः पाळणारा ग्रंथपाल मी पहिल्यांदाच पाहिला. नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला की तुमची जोडी छान जमेल, तू बोलत जा, ते ऐकत जातील.

५ सप्टेंबर

तीन पुस्तकं संपली. मतं लिहून ठेवते, नाहीतर नवऱ्याचं डोकं खावं लागेल.

दीपगृहावरच्या खुनाची कादंबरी. दीपगृहावर चार माणसं, त्यातलं एक मेलं, एक पांगळं, एक सहा वर्षांचं. उरला तो कोण, हे शोधायला इन्स्पेक्टरला पुस्तकभर जिने चढावे लागतात. मी दुसऱ्या प्रकरणातच त्याला खुनी सांगितला होता, मोठ्याने. त्याने ऐकलं नाही.

सर्कशीतल्या जनावरांच्या डॉक्टरचं आत्मचरित्र. हे मात्र सुरेख. हत्तीच्या दाढदुखीवरचं प्रकरण वाचताना माझीच दाढ ठणकली. पण छापणाऱ्याने ऐन मजेच्या ठिकाणी दोन पानं उलटी बांधली आहेत. पुस्तक डोक्यावर उभं करून वाचलं.

चार पिढ्यांच्या घराण्याची जाडजूड कादंबरी. यातली माणसं उसासे टाकतात. आजी टाकते, सून टाकते, नातू पाळण्यातून टाकतो. कुणीतरी उठून एक खिडकी उघडली असती तर तीनशे पानं वाचली असती.

दुकानात दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घेते. पहिल्या भिंगातून बरं दिसतं की दुसऱ्यातून? आता खालची ओळ वाचा. संध्याकाळपर्यंत माझे स्वतःचे डोळे भाजल्यासारखे होतात. आणि हातात पळी धरून पुस्तक वाचता येत नाही, हा या जगाचा मोठा दोष आहे.

८ सप्टेंबर

दोषावर उपाय सापडला. वाचनालयात ऐकायची पुस्तकं मिळतात. ग्रंथपालांच्या टेबलामागच्या फळीवर एक राखाडी डबी आहे, साबणाच्या वडीएवढी. पुढे जाळी, वर एक बटण. हवं ते पुस्तक ते तिच्यात भरून देतात. मी बोट दाखवलं, तेव्हा ते डबीवर हात ठेवून नुसतेच उभे राहिले. देऊ की नको असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं होतं. मला वाटलं, डबी एकच असेल आणि कुणी फोडून आणली असेल आधी. मी म्हटलं, अहो, मी भिंगांचं काम करते, माझ्या हातून काही पडत नाही. मग त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे न बघता.

एका खलाशाचं प्रवासवर्णन घेतलं आहे. उद्या स्वयंपाक करताना ऐकणार.

९ सप्टेंबर

काय हा छळ.

वाचणारा आवाज बाईचा नाही, पुरुषाचा नाही, तरुण नाही, म्हातारा नाही. लाकडाच्या ठोकळ्याला तोंड फुटलं तर तो असा बोलेल. मी त्याचं नाव ठोकळा ठेवलं. पुस्तक जगाच्या सफरीचं आहे, आणि ठोकळा ‘जग’ असं म्हणतो की पाणी प्यायचा जग वाटावा. ‘चाक’मधला च तो ‘चार’मधल्या चसारखा काढतो. खलाशी बिचारा वादळात सापडलाय आणि मी इथे पाण्याच्या जगाची सफर ऐकत कांदा चिरते आहे.

आणि थांबायचं कुठे, हे तर त्याला मुळीच कळत नाही. ‘कप्तान म्हणाला, मुलगा बुडाला,’ हे वाक्य त्याने ‘कप्तान, म्हणाला मुलगा, बुडाला’ असं वाचलं. बुडणारा माणूसच बदलला. पुढचं पानभर मी मेलेल्या कप्तानाला हुकूम सोडताना ऐकत होते.

शेवटी खारूला सांगते तसंच त्याला सांगितलं. म्हटलं, चुकलास, पुन्हा वाच. पळी हातात होती. कशी दिसले असेन मी.

१२ सप्टेंबर

माझं हे आता रोजचंच झालंय. ठोकळा वाचतो, मी कपाळाला हात लावते आणि त्याच्या चुका काढते. च असा काढ. जीभ दातांच्या मागे लाव. इथे श्वास घे. प्रश्न आहे तो, वाक्य वर जाऊ दे. खालच्या बूटवाल्याने आज जिन्यात विचारलं, बाई, शिकवणी घेता का तुम्ही? आवाज येतो खाली. मी म्हटलं, हो, एक विद्यार्थी आहे, फार ढ आहे.

खलाशाबद्दल: माणूस अर्धी पृथ्वी फिरला आणि सगळीकडे त्याला फक्त स्वतःचा पाय दुखलेला दिसला.

१४ सप्टेंबर

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणते.

प्रवासवर्णनाच्या शेवटाकडे एका बंदराचं नाव येतं. ठोकळ्याने ते पुन्हा पुन्हा चुकवलं होतं. आज पुन्हा चुकला, आणि मी पीठ मळता मळता वैतागून म्हटलं, पुन्हा वाच.

त्याने पुन्हा वाचलं. तेच वाक्य, पहिल्यापासून. नाव बरोबर उच्चारलं.

मी बटण दाबून डबी बंद केली. मग हसू आलं. ध्वनिमुद्रण करताना चूक झाली असेल, वाचणाऱ्याने सुधारून परत वाचलं असेल, आणि कापायचं राहून गेलं असेल. दुसरं काय असणार. इतक्या ढिसाळ कामात हेही राहिलं असेल.

१७ सप्टेंबर

डबी परत नेऊन दुसरं पुस्तक भरून आणलं. प्रेमकथा. दोघं एकाच इमारतीत राहतात आणि गैरसमजापायी पुस्तक संपत आलं तरी एकमेकांशी बोलत नाहीत. लिफ्टमध्ये पुष्पगुच्छ धरून उभे राहतात आणि मजला आला की उतरून जातात. दोघांच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

वाचणारा ठोकळाच आहे. पण सुधारला आहे. च नीट, जग नीट, प्रश्नाला वाक्य वर जातं. हे पुस्तक त्याने नंतर वाचलं असेल, सराव झाला असेल, हे मी स्वतःला समजावलं. तरी मनात पाल चुकचुकलीच, कारण श्वास तो नेमका तिथे घेतो जिथे मी घ्यायला सांगितला होता.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तू निर्जीव वस्तूलाही सुधारल्याशिवाय सोडणार नाहीस. आम्ही दोघंही हसलो. मला खोकला आला. घसा बसल्यासारखा वाटतोय. दिवसभर बोलायचं काम आणि वर ही शिकवणी.

२० सप्टेंबर

खरं सांगायचं तर मला मजा येऊ लागली होती. नायिकेची आजी आहे, तिचं बोलणं कसं वाचायचं ते मी ठोकळ्याला दाखवलं. म्हातारी माणसं वाक्याचा शेवट गिळतात, हे सांगितलं. मग नायिका रडते तो भाग. म्हटलं, रडताना आवाज वाढत नाही रे, बारीक होतो. असा. आणि करून दाखवलं. ओट्यापाशी एकटी उभी राहून, डबीसमोर, रडून दाखवलं.

मग त्याने तो भाग वाचला.

माझ्या हातातून बशी पडली. माझी आई गेली त्या दिवशी मी जशी रडले होते, तसा आवाज होता तो. आज संध्याकाळी ओट्यापाशी मी तसं काही केलं नव्हतं. आज मी नुसतं नाटक केलं होतं.

डबी टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली.

२१ सप्टेंबर

घसा पूर्ण बसला. आज दुकानात एका आजोबांना खालची ओळ वाचायला सांगत होते, तर त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा सांगितलं. ते मुलाला म्हणाले, या बाईंचे नुसते ओठ हलताहेत.

दुपारी घशाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी नळी घालून पाहिलं. सूज नाही, गाठ नाही, काही नाही. म्हणाले, तुमचा घसा उत्तम आहे. मी म्हटलं, मग आवाज कुठे आहे? त्यांना ऐकूच गेलं नाही. लिहून विचारलं, तेव्हा त्यांनी विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. मालकांचा फोन आला, ते चिडले. नव्या शाखेत पहिल्याच महिन्यात हे काय चालवलंय, म्हणाले. मला काही म्हणताच येईना, त्यामुळे त्यांना वाटलं मी रुसले.

२२ सप्टेंबर

कपाटातून वाचन ऐकू येतंय. मी बटण दाबलेलं नाही.

कपाट उघडलं. टॉवेल सोडला. प्रेमकथा संपलेली आहे. तो खलाशाचं पुस्तक वाचत होता, जे डबीत आता नाही. पहिल्यापासून, एकही चूक न करता. माझा पुढचा दात लहानपणी जरा तुटला होता, त्यामुळे माझा श किंचित शिट्टी मारतो. नवरा यावरून लग्न झाल्यापासून चिडवतो.

ठोकळ्याचा श शिट्टी मारतो.

तो बाईच्या आवाजात वाचतोय. म्हणजे माझ्याच.

२३ सप्टेंबर

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सकाळी दुकानात निरोप पाठवला, येत नाही. परवा आणि काल खारूला गोष्ट वाचता आली नाही, म्हणून नवऱ्याला मोबाईलवर लिहिलं की घसा गेलाय, तिला समजाव, तिची माफी मागते.

त्याचं उत्तर आलं. लिहिलंय, चेष्टा करतेस का? काल तर तू तिला इतकं छान वाचून दाखवलंस. मीही काम सोडून ऐकत बसलो. खारू म्हणाली, आज आईने एकही पान गाळलं नाही.

मी काल फोन केला नव्हता.

हे चार वेळा वाचलं. अर्थ तोच राहतो.

२३, दुपार

डबी घेऊन वाचनालयात गेले. टेबलावर आदळली. ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठ हलवले, आवाज आला नाही, आणि त्यांचा चेहरा पडला. गळ्याभोवतीचा मफलर काढला त्यांनी. गळ्यावर काही नव्हतं. जखम नाही, टाका नाही. तेही ओठ हलवत होते, माझ्यासारखेच.

कागद ओढून त्यांनी लिहिलं: तुम्ही त्याच्या चुका काढल्यात का?

मी मान हलवली.

त्यांनी लिहिलं की त्यांनीही काढल्या होत्या. ते पूर्वी शाळेत भाषा शिकवायचे. चुकीचं ऐकवत नाही, सवय असते. त्यांचा आवाज शिकून झाल्यावर त्या आवाजात कुणीतरी त्यांच्या भावाशी बोलू लागलं, आणि पुढे भावाचाही आवाज गेला. मग कुणाकुणाचा गेला, ते त्यांनी लिहिलं नाही. ग्रंथपाल होऊन ते इथे डबीजवळ येऊन बसले, कारण त्यांना आशा होती की तो दुसऱ्या कुणाचा आवाज घेईल तेव्हा त्यांचा परत देईल.

मी कागद ओढला. लिहिलं, म्हणून मला दिलीत?

त्यांनी होय अशी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा गळा दाबावासा वाटला. मी लिहिलं, परत मिळाला का मग? त्यांनी तोंड उघडून दाखवलं. काही आलं नाही.

शेवटी विचारलं, डबी फोडली तर? तर त्यांनी ती उचलून माझ्यासमोर उघडली. आत काहीच नव्हतं. तार नाही, यंत्र नाही. साबणदाणीसारखी रिकामी. खाली लिहिलं: शिकून झालं की तो हिच्यात राहत नाही. जिथे कान मिळेल तिथे जातो.

२४ सप्टेंबर

नवऱ्याला सगळं लिहून पाठवलं. लांबलचक. मीच वाचलं तेव्हा वेडीने लिहिल्यासारखं वाटलं, तरी पाठवलं. खाली लिहिलं, फोन उचलू नकोस, खारूला ऐकू देऊ नकोस.

उत्तर आलं. थोडक्यात. आत्ताच माझ्याशी माझी बायको बोलली आहे. तिचा मोबाईल चोरीला गेलाय, आणि या नंबरवरून विचित्र मजकूर येतील, असं तिने आधीच सांगून ठेवलंय. तुम्ही कोण आहात माहीत नाही, पण घरात लहान मूल आहे, पुन्हा असला प्रकार केलात तर पोलिसांत जाईन.

मला ‘तुम्ही’ म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

नंतर काही पाठवलं तरी जात नाही. त्याने माझा नंबर ब्लॉक करून टाकला.

२५ सप्टेंबर

बूटवाल्याला कागदावर लिहून विनंती केली. माझ्या नवऱ्याला तुमच्या फोनवरून सांगा की मी इथे आहे, तुमच्यासमोर उभी आहे. भला माणूस. हातातला बूट ठेवून त्याने फोन लावला. मी जवळ उभी राहिले. पलीकडून नवऱ्याचा आवाज ऐकू आला आणि माझ्या जिवात जीव आला. बूटवाला म्हणाला, साहेब, तुमच्या मॅडम माझ्यासमोर उभ्या आहेत, त्यांना बोलता येत नाहीये.

मग तो ऐकत राहिला. बराच वेळ. ऐकता ऐकता माझ्यापासून एक पाऊल मागे सरकला.

फोन ठेवून म्हणाला, साहेबांनी त्यांच्या मॅडमशी बोलणं करून दिलं. दुसऱ्या फोनवर होत्या त्या. मला नावानिशी ओळखलं त्यांनी. म्हणाल्या, जिन्यातला गोंदाचा वास आवडतो. त्यांच्या खोलीत कोणी बाई घुसली आहे म्हणाल्या.

मी कागदावर लिहायला लागले. त्याने कागद घेतलाच नाही. मी खोटं बोलते असं वाटून नाही, त्याला भीती वाटली म्हणून. दोघींपैकी खरी कोण हे त्याला ठरवता येत नव्हतं.

मलाही राग कोणावर काढावा कळत नाही. पुस्तकं वाचायची होती मला. फक्त.

२५, संध्याकाळ

नवऱ्याच्या जुन्या मजकुरांमधला एक नीट वाचायचा राहिला होता. २३ तारखेचाच, त्या उत्तराच्या खालचा. खारूचं कौतुक म्हणून लिहिला होता त्याने.

लिहिलंय: गोष्ट झाली की आता ती तुला वाचून दाखवते, हे तुझं नवीन खूळ चांगलं आहे. आणि मग तू तेच मुद्दाम चुकीचं वाचतेस आणि ती तुझ्या चुका काढते, त्यात तिला फार मजा येते. पुन्हा वाच, पुन्हा वाच, म्हणत बसते. घसा दुखेपर्यंत.

२६ सप्टेंबर

पहिली बस. दुपारपर्यंतचा रस्ता आहे. शेजारच्या बाईने काहीतरी विचारलं, मी मान हलवली, तिने पुन्हा विचारलं, मग तोंड फिरवलं.

बसच्या पुढच्या बाजूला कुणीतरी पुस्तक ऐकतंय. कानात इयरफोन न घालता. मी कान दाबून बसले आहे. ऐकू नये. ऐकलं की चूक दिसते, चूक दिसली की ओठ हलतात. अजूनही हलतात. सवय.

दीपगृहाचं पुस्तक आहे ते. वाचणारा ‘पायरी’ चुकला —

ओठ चावून धरले.

२६, दुपार

घर. आपला जिना. शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप, ती दोघं कामावर. नवराही या वेळी कामावर. खारू शाळेतून आलेली असणार — बाहेर तिचे बूट आहेत.

किल्ली फिरली. दार उघडलं नाही. आतून कडी.

घंटा वाजवली. खारू दाराशी आली. कोण आहे, असं विचारलं तिने. आवाज तिचाच, पण बसलेला, घोगरा. मी दार वाजवलं. आम्ही दोघींनी ठरवलंय तसं, दोन हळू, एक जोरात. ती म्हणाली, आई म्हणालीय, जो बोलणार नाही त्याला दार उघडायचं नाही. थांब, आई फोनवर आहे, तिला विचारते.

आणि आत गेली. विचारायला.

आतून माझा आवाज आला. शांतपणे. घाबरू नकोस म्हणाला. ये, राहिलेलं पान वाचू.

२६, जिन्यात

मी दार बडवलं. कुणी येत नाही. नवऱ्याच्या कामावर जावं — तोवर किती वाचून होईल — नाही, इथेच.

या वहीचं पान फाडून लिहिलं. माझं अक्षर तिला ओळखू येईल. लिहिलं, खारू, मी आई. मला बोलता येत नाही. तो आवाज माझा नाही. त्याच्या चुका काढू नकोस. मोठ्याने काहीही वाचू नकोस. दार उघड.

दाराच्या फटीतून सरकवलं.

ती आली. कागद उचलल्याचा आवाज — आणि वाचायला लागली. मोठ्याने. लहानपणापासून काहीही हातात आलं की मोठ्यानेच वाचते. मीच लावलेली सवय. बसलेल्या घशाने, अडखळत. ‘मोठ्याने काहीही’ — तिथे थांबली.

अक्षर ओळखलं तिने. आई, असं म्हणाली, अगदी हळू, दाराला तोंड लावून. कडीला हात लागल्याचं ऐकलं मी —

आता पुन्हा वाचते आहे. पहिल्यापासून. न अडखळता, घसा स्वच्छ. खारू, मी आई. मला बोलता येत नाही. —

पण दाराशी कुणीतरी लहान मुलीसारखं कडीशी झटतंय, आणि श्वास नुसता, आवाज न करता, आणि वाचन येतंय ते आतल्या खोलीतून —

कडी वर — अर्धी —